पाटावरची बाई

आखाजीच्या दिवशी माझ्या सख्ख्या भावाने माझे पाय धुतले.

ऐकणाऱ्याला वाटेल, केवढा मान! पितळी परात होती, कोमट पाणी होतं, वहिनीच्या हातात नवा कोरा टॉवेल होता. दिलीपदादा पांढराशुभ्र झब्बा घालून माझ्यापुढे वाकला होता. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. अंगठा धुतला, बोटं धुतली, टाच धुतली. टाचेच्या भेगांत पाणी शिरलं, तसं झोंबलं. मग तो हात जोडून म्हणाला, "माय, काही चुकलं असेल तर पोटात घाल."

माय. मला म्हणाला. मी त्याची धाकटी बहीण.

आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावाने घागर भरतात. लाल मातीची घागर, काठोकाठ पाणी, तोंडावर खरबूज, शेजारी आंबे. विस्तवावर तूप आणि घास टाकायचा, ती आगारी. आणि एका जिवंत माणसाला पितर म्हणून जेवायला बसवायचं. बाई गेली असेल तर बाई. जेवण होईपर्यंत तीच गेलेली बाई. तिला त्याच नात्याने हाक मारायची, पोटभर वाढायचं आणि शेवटी विचारायचं, तृप्त झालीस ना? ती म्हणते, झाले. मग तिला साडी द्यायची आणि उंबऱ्याबाहेर पोचवायची. तिने वळून पाहायचं नाही, आपणही थांबवायचं नाही.

आमच्या घराण्यात यात एक अट आहे. पाटावर घरचं माणूस चालत नाही, दुसऱ्या कुळाचंच लागतं.

ही अट वहिनीला बरोबर आठवली. आदल्या दिवशी चहा पिताना ती म्हणाली, "बाहेरची बाई शोधत कशाला फिरायचं? ताई आहेतच की. लग्न झालं तेव्हाच त्यांचं कूळ बदललं."

ज्या कुळाने मला दीड वर्षात पिशवीसकट धरणगावच्या स्टँडवर आणून सोडलं, ते कूळ त्या दिवशी वहिनीच्या कामाला आलं. मी या घरात चूल पेटवते, झाडते, सारवते, याच घरात आईला मरेपर्यंत सांभाळलं, आणि मी या घरची नाही. दादा मान खाली घालून चहा फुंकत बसला. त्याने हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्याची ती जुनी सवय आहे.

आता आईचं सांगते.

आई नळावरून हंडा घेऊन येत होती आणि दारातच कोसळली. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं. तिला जळगावला मोठ्या दवाखान्यात नेलं. दादा जळगावलाच असतो, बँकेत साहेब आहे. मी आईच्या खाटेशी उभी होते. अंगावर उसवलेला गाऊन, त्यावर ओढणी, केसांना दोन दिवस फणी लागलेली नाही. एक तरुण डॉक्टर आला. दादाला ओळखत होता. त्याने विचारलं, "पेशंटजवळ कोण थांबणार?"

दादा म्हणाला, "ती बाई आहे ना, ती थांबेल."

बोटसुद्धा दाखवलं माझ्याकडे.

डॉक्टर मग मला म्हणाला, "ए बाई, पाणी नळीतूनच द्यायचं. तोंडाने पाजशील तर मारशील म्हातारीला." मी मान हलवली. ती म्हातारी माझी आई आहे, एवढं तरी म्हणायचं. म्हणाले नाही. पुढचे सगळे दिवस त्या वॉर्डात मी बाईच राहिले. बाई, चादर बदल. बाई, बाजूला हो. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून मला हळूच विचारून गेली, "किती घेतेस गं? आमच्याकडे येशील का?"

दादाला जिन्यात गाठून विचारलं. तो ओशाळला, पण चिडलाही. "अगं, पटकन तोंडात आलं. बहीण म्हटलं असतं तर नवरा कुठे, मुलं किती, शंभर प्रश्न. तुलाच त्रास झाला असता."

म्हणजे माझ्या भल्यासाठी मला बाई केलं. हे ऐकून मला हसू आलं. खरंच आलं. जिन्यात उभी राहून मी फिसकन हसले, आणि दादाला वाटलं, मिटलं.

आईला घरी आणलं तेव्हा तिला बोलता येईनासं झालं होतं. सगळे शब्द गेले. एक राहिला.

दिल्या.

दिलीपदादाचं घरातलं नाव. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि माणूस सगळं त्याच शब्दात बोलतं. तर आईने सगळं त्याच शब्दात बोलायला सुरुवात केली. तहान लागली की दिल्या. माशी बसली की दिल्या. पाठ जळायला लागली की दिल्या. अंथरूण ओलं झालं की खालच्या पट्टीत, लांब, लाजल्यासारखं, दिल्याऽऽ. मी ओ द्यायची. पहिल्या पहिल्यांदा म्हणायची, "माय, दिल्या नही शे, मी शे मी." ती डाव्या हाताने माझा गाल चाचपायची आणि परत म्हणायची, दिल्या. पुढे मी सांगायचं सोडून दिलं. सात-आठ वर्षं मी भावाच्या नावाला ओ दिली.

शेजारच्या शकीलाभाभीचा नवरा गाद्या भरतो. त्याने कापूस पिंजून आईसाठी मऊ गादी करून दिली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. आईला कूस बदलवायची तर दोघी लागायच्या. मी भिंतीवरून भाभीला हाक मारायची, ती पदर खोचत यायची. ती मला नावाने हाक मारते. तेवढी एकटीच. बाकीच्यांना माझं नाव लागायचंच नाही. भेटायला आलेली माणसं खाटेकडे बघून बोलायची आणि चहाचा कप माझ्याकडे न बघता घ्यायची.

नावं मात्र खूप ठेवली मला. आल्यागेल्या बाया म्हणायच्या, लेक असावी तर अशी. अन् उठताना म्हणायच्या, तसंही तिला दुसरं काय होतं? रिकामीच होती. दादा लोकांना सांगायचा, "ती घरीच असते." एकदा एक शिकलेली मुलगी घरोघरी विचारत आली, कोण कोण आजारी, कोण सांभाळतं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "म्हणजे तुम्ही काळजीवाहक." गोड बोलत होती बिचारी. पण मला एसटी आठवली. तिथेही चालक असतो आणि वाहक असतो. वाहकाची पाळी संपते, तो डेपोत जाऊन पेटी जमा करतो आणि घरी जाऊन झोपतो. मी कुठे जमा करू? आणि मी नुसती काळजी वाहत नव्हते, आख्खी आई उचलत होते.

सखुअक्का म्हणायची, "सेवा करी ऱ्हायनी पोर, पुण्य भेटी." ही आमची चुलत आत्या, भाऊबंदकीतली सगळ्यात वडील बाई. सेवा म्हणजे देवळातली. तिथे देव अंथरूण ओलं करत नाही आणि रागाच्या भरात डाव्या हाताने थोबाडीत मारत नाही. आई मारायची. मग मारलेल्या जागेवरून हात फिरवायची आणि म्हणायची, दिल्या.

दादा दोन-तीन महिन्यांनी यायचा. सोबत सफरचंदं, पातळ, डायपरचं पाकीट. खाटेशी बसायचा. आईला तेवढ्यात तहान लागलेली असायची किंवा पाय दुखत असायचा. ती म्हणायची, दिल्या, दिल्या, दिल्या. दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. "पाहा," तो सगळ्यांना सांगायचा, "सगळं विसरली, मला नाही विसरली." सखुअक्का डोळ्यांना पदर लावायची. "दिल्यानंच नाव लेस. मायनं काळीज शे ते."

मी दाराशी पाण्याचा पेला घेऊन उभी असायची. मला ठाऊक होतं आईला काय हवंय. तो रडून हलका होऊन जळगावला जायचा आणि मी चादर बदलायची.

पौषात आई गेली. दुपारी, खाऊन-पिऊन. दिवसकार्य आटोपताना गंधमुक्तीला भाऊबंद जमले. एका पुढाऱ्याने उभं राहून दोन शब्द सांगितले: माऊलीच्या ओठांवर अखेरच्या श्वासापर्यंत लाडक्या लेकाचं नाव होतं, असा लेक नशिबाने मिळतो. माणसं हळहळली. मी मागे, बायांत बसले होते. एवढ्या जमावात मी कोण होते, कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही.

खरं म्हणजे त्यानंतर मला मोकळं वाटायला हवं होतं. लोक तसंच म्हणायचे, सुटलीस बाई. पण दुपारी भांडी घासत असले की माजघरातून ऐकू यायचं, दिल्याऽऽ. खालच्या पट्टीत, लांब. मी राखेच्या हातांनी उठून जायची. खाटेवर गव्हाच्या गोण्या ठेवलेल्या. मी गोण्यांना हात लावून बघायची, ओल्या झाल्या का. असं रोज. एकदा बाजारात एका आईने आपल्या पोराला हाक मारली, "दिल्या, इकडे ये." मी भाजीवाल्यापाशी उभी होते. माझ्या तोंडून निघालं, "ऊनी वं माय!" आले गं आई. लोकांनी वळून पाहिलं. भाजीवाला हसला. मला माझ्या नावाने कोणी बाजारात हाक मारली असती, तर मी वळले असते की नाही, सांगता येत नाही.

अशी सगळी अवस्था, आणि त्यात आखाजी आली. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. मी कुठली येणार? मी सासरी परत गेलेच नव्हते. आदल्या दिवशी दादा आणि वहिनी गाडी घेऊन आले. गाडीतून उतरताच वहिनी मला म्हणाली, "ताई, तुमचे चार कपडे भरून ठेवा. जामनेरला माझी आई पडली. खुब्याचं हाड मोडलंय. उद्या दुपारी जेवणं झाली की तिकडेच जाऊ."

"कोणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? तुम्हाला सवय आहे. आणि आता इथे तुम्हाला काम काय?"

दादा डिकीतून आंब्यांची पेटी काढत होता. तो पेटी काढतच राहिला.

इतक्या वर्षांत माझी जीभही आईसारखी झाली होती. मी पिशवी काढली आणि कपडे भरायला लागले. हे लाजत नाही सांगायला. भरले मी कपडे. वहिनीने ती पिशवी नेऊन गाडीत ठेवली.

आखाजीच्या सकाळी पुरण मी वाटलं. खापरावर पोळ्या मी टाकल्या. आमरस, रशी, भजी, कुरडया, सगळं मी केलं. पितराने आपला स्वयंपाक आपणच केला, असं जगात माझ्याच बाबतीत झालं असेल. मग आंघोळ करून मी पाटावर जाऊन बसले.

पाट मांडला होता माजघरात, जिथे आईची खाट असायची बरोबर तिथे. गोण्या हलवल्या होत्या, खाट भिंतीला उभी केली होती. मी बसले आणि समोर पाहिलं.

आई इतकी वर्षं जे बघायची, ते मला पहिल्यांदा दिसलं. कोनाडा. दाराचा अर्धा भाग. त्यातून दिसणारा अंगणाचा तुकडा आणि त्या तुकड्यात कोणी नाही. घरभर मी वावरत असायची, पण इथून मी दिसतच नव्हते. इथून चूल दिसत नाही, मोरी दिसत नाही. इथून हाकच मारावी लागते. माझ्या जागी दुसरंच कोणी बसलं आहे असं वाटायला लागलं, आणि मी हलू शकेना.

दादाने पाय धुतले, ती हीच वेळ. वहिनीने ताट वाढलं. सखुअक्का शेजारी बसून सांगत होती, आता कुंकू लाव, आता आगारी टाक, आता पाणी फिरव. शकीलाभाभी सांजोऱ्यांचं ताट न्यायला आली होती, ती दारात थबकून उभी राहिली. मी पोळीचा घास मोडला. तो तसाच ताटात ठेवला. बाहेर गाडी उभी होती, तिच्यात माझी पिशवी होती. मी तृप्त झाले म्हटलं की साडी, उंबरा आणि जामनेर. तिथे दुसरी खाट. वळून पाहायचं नाही.

सखुअक्का म्हणाली, "इचार दिल्या, इचार. धापनी का ते इचार."

दादाने हात जोडले. आईशी बोलायचा तशा बोलीत तो म्हणाला, "माय, धापनी का?"

पोट भरलं का, तृप्त झालीस का, एवढंच विचारलं त्याने. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द म्हणायचा होता.

मी ठरवून केलं नाही. माझ्या ओठांचा उजवा कोपरा आपोआप खाली गेला. डावा हात वर आला. आणि माझ्या तोंडून निघालं, खालच्या पट्टीत, लांब.

"दिल्याऽऽ."

सखुअक्काच्या हातातला तांब्या सांडला. वहिनी भिंतीला चिकटली. दादा पांढराफटक पडला. तोच सूर होता तो. मी रोज ऐकलेला. दादा गुडघ्यांवर पुढे सरकला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "काय ऱ्हायनं, माय? सांग. काय ऱ्हायनं?" काय राहून गेलं, असं.

मी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. माझा ओठ सरळ झाला. माझ्या आवाजात मी म्हणाले, "चादर ओली व्हई गई शे, बदल. इतलंच सांगे ती."

त्याला कळेना.

"ती तुझं नाव घ्यायची ना, तेव्हा हे सांगायची. चादर ओली आहे. पाणी दे. कूस बदल. तू शेजारी बसून रडायचास आणि तिची चादर ओलीच राहायची. तू गेल्यावर मी बदलायची."

"म्हणजे ती मला बोलवत नव्हती?"

"कधी बोलवतही असेल. मला कसं कळणार? मी धुणंच धूत होते."

दादा रडायला लागला. या वेळी मला त्याची दया आली नाही. मी ताट पुढे सरकवलं आणि पाटावरून उठले. पितर मध्येच उठत नाही. सखुअक्का ओरडली, "बस वं, बस, अशुभ शे!" मी म्हणाले, "अक्का, मी मेली नही शे."

वहिनी म्हणाली, "ताई, हे काय चालवलंय? गाडी उभी आहे. जामनेरला आई वाट बघतेय."

"वहिनी, तुमच्या आईला बरं वाटो. तुम्ही जा. मी येत नाही."

"असं कसं? सगळं ठरलंय."

"तृप्त झालं की पितर जातं ना? मी तृप्त झाले नाही. म्हणून जात नाही."

दादाने डोळे पुसले. साहेब परत जागा झाला होता. तो शांतपणे म्हणाला, "ठीक आहे. नको जाऊ. पण मग तू इथे राहणार काय म्हणून? तू आहेस कोण या घरात?"

हाच प्रश्न मला आयुष्यभर कोणी विचारला नव्हता. विचारला तेव्हा तो मला घराबाहेर काढायला विचारला. पण विचारला, हे बरं झालं.

मी माझं नाव सांगितलं. खणखणीत. मोठ्याने म्हटल्यावर ते मलाच अनोळखी वाटलं, म्हणून परत एकदा सांगितलं. त्याच्यापुढे ना नवऱ्याचं नाव लावलं ना बापाचं, आईचं लावलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्या घरात अशी एक असेल, तिचं नाव तुम्हाला येतं का ते आधी आठवून बघा.

मग दादाला म्हणाले, "तू ज्या बाईकडे बोट दाखवलं होतंस, ती मी. आईचं तुझ्या वाट्याचं जे होतं, तेही करणारी मी. म्हणून इथे राहणार. पुढच्या आखाजीला आईची घागर मी भरणार. तुला यायचं तर बहिणीच्या घरी ये, जेवून जा."

त्याने गाडीतून पिशवी आणून ओट्यावर ठेवली. गाडी गेली. सखुअक्का आजही मला बघून तोंड फिरवते. गावात म्हणतात, आईने हिला धरलंय, आखाजीला अंगात आली. म्हणू देत. बाईने सरळ शब्दांत नाही म्हटलं की तिच्या अंगातच यावं लागतं कोणीतरी.

भाऊ बोलत नाही. वहिनी तर नाहीच. मला याचं सुख झालं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी घर फार मोठं वाटतं. भिंतीपलीकडून भाभी नावाने हाक मारते, त्या हाकेला मी उठते, कूस बदलायला नाही, चहा प्यायला.

आणि दुपारी अजून ती हाक येतेच. दिल्याऽऽ. माजघरातून, त्याच सुरात. माझे हात राखेत थांबतात. गुडघे उठायला बघतात, इतक्या वर्षांची त्यांची सवय. मी त्यांना दाबून धरते. आणि मोरीतूनच, मान न वळवता सांगते:

माय, दिल्या इथे नाही. कधीच नव्हता. जी होती तिला नाव आहे, ते तूच ठेवलं होतंस. त्या नावाने एकदा हाक मार. तेव्हाच उठेन.